पटाच्या बैलाची कारकीर्द

शंकरपटातली, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतली, धाव काही सेकंदांत संपते. तिच्या आधीचं काम मात्र बराच वेळ चालतं, आणि मला तेच पाहायला आवडतं. दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात. धानाची मळणी उरकली की पट सुरू होतात, आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक असतंच. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका पटात मी शेवटच्या रेषेकडची गर्दी सोडून जोड्या सुटतात तिथं जाऊन उभा राहिलो.

शेजारी-शेजारी दोन सरळ पट्ट्या, दोन जोड्या, मागं हलके छकडे. एकेका बैलाला दोघं-तिघं धरून उभे. एकाच्या हाती वेसण, दुसऱ्याचा हात शिंगाला. अडचण अशी की चार बैल एकाच क्षणी सरळ उभे राहत नाहीत. डावा स्थिरावला की उजवा अंग काढून घेतो. मग अख्खी जोडी फिरवून पुन्हा रेषेवर आणायची. धुरकरी तोवर छकड्यावर वाकून, कासरे मुठीत धरून बसलेला. अंगानं बारीक, कारण इथं किलो-किलोचा हिशेब असतो. इशारा होताच धरणाऱ्यांनी एकदम सोडायचं आणि त्याच दमात बाजूला व्हायचं. एकानं अर्धा क्षण जास्त धरलं तरी जोडी तिरपी सुटते आणि शर्यत तिथंच हरते. पुढली धूळ आणि आरडाओरडा कुणालाही दिसतो. धाव संपल्यावर बैलाला लगेच बांधत नाहीत. पाठीवर झूल टाकून हिंडवतात, धाप बसू देतात, पाणी त्यानंतर.

मालक बैलाचं वय दातांवरून सांगतो. दोन दाती म्हणजे साधारण अडीच वर्षांचा, आणि पाचाच्या आसपास तोंड पूर्ण जुळतं. पळण्याची खरी वर्षं त्यापुढं थोडीच. त्या वर्षांत नाव होतं, किंमत चढते, परगावचे लोक बघायला येतात. एक पाय दुखावला की सगळं उतरतं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रज फुटबॉलपटूचं आयुष्य याहून फार वेगळं नव्हतं. गिरण्या-खाणींतली पोरं पैशासाठी खेळत, पण उघडपणे नाही. १८८४ साली प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबनं खेळाडूंना पैसे देतो हे कबूल केलं आणि फुटबॉल असोसिएशनच्या चषकातून त्याला बाद व्हावं लागलं. पुढच्याच वर्षी, जुलै १८८५मध्ये, फुटबॉल असोसिएशननं तेच वेतन अधिकृत केलं. तोवर ज्यांचे गुडघे गेले होते, त्यांना त्या ठरावाचा काय उपयोग? १९०१मध्ये आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादाही आली; आकडा पुढं वाढला, पण मर्यादा १९६१पर्यंत टिकली. पाय खेळाडूचे, ते कधी नि कितीला चालवायचे, हे ठरवणारे दुसरेच.

आमच्याकडे दुसऱ्यांनी असं ठरवल्याची तारीख ७ मे २०१४. सर्वोच्च न्यायालयानं त्या दिवशी तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. बंदीमागचं कारण खोटं नव्हतं. टोचणी, चाबूक, शेपटी पिरगाळणं हे पटात चालायचं, आणि ते डोळ्यांआड करून परंपरेचं गाणं गाणाऱ्यांशी माझं पटत नाही. महाराष्ट्रानं २०१७मध्ये कायदा बदलला, पण शर्यती अडकूनच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाचा दाखला लागतो, काठी-चाबूक चालत नाही. हे चांगलंच झालं. जोडी चांगली असेल तर हाकेवर पळते.

बंदीची साडेसात वर्षं माणसाला निघतात. नाटकं होत राहिली, मंडया भरत राहिल्या, धुरकऱ्यांची पोरं मोठी झाली. बैलाला ती निघत नाहीत. मे २०१४मध्ये जो दोन दाती होता, ज्याचा पहिला हंगाम पुढल्या हिवाळ्यात व्हायचा होता, तो डिसेंबर २०२१मध्ये दहा वर्षांचा झालेला होता.