हिरवा पतंग ओळखायचा तर आधी झाड पाहा

जून-जुलै महिन्यांत इंग्लंड-जर्मनीतल्या ओकच्या रानात फांदीला जरा धक्का लागला, तरी पानांतून फिकट हिरवे, इवलेसे पतंग भुर्रकन उडतात. पंख पसरले तर जेमतेम दोन सेंटिमीटर भरतील. हा ‘टॉर्ट्रिक्स विरिडाना’. लिनियसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. रंग इतका ठळक, की ओळख पटायला काय वेळ लागणार, असं वाटतं. पण नुसत्या रंगावर विसंबलं की हमखास गफलत होते.

पतंग बसलेला असताना पाहावा. पुढचे पंख मिटले की त्याचा आकार घंटेसारखा दिसतो. पानं गुंडाळणाऱ्या पतंगांच्या कुळाची ही खूण. पुढच्या पंखांवर नक्षी नाही, ठिपके नाहीत, निव्वळ हिरवा रंग. खरी खूण मात्र त्यांच्याखाली दडलेली असते, ती म्हणजे करडे मागचे पंख.

त्याच्याशी गल्लत होते ती ‘इअरिअस क्लोराना’ या पतंगाची. तोही लहान आणि हिरवाच; पण त्याच्या पुढच्या पंखांची कड पांढरी असते आणि मागचे पंखही पांढरे. शिवाय त्याची अळी ओकवर नाही, तर विलोवर, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या भाऊबंदांवर वाढते. या पतंगाचे सख्खे नातलग विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना चांगलेच ठाऊक आहेत. कपाशी आणि भेंडीवरची ठिपक्यांची बोंडअळी याच ‘इअरिअस’ प्रजातीतली. दिसायला सारखे असले, तरी ओकवरचा हिरवा पतंग आणि हा इअरिअस वेगवेगळ्या कुळांतले आहेत.

म्हणूनच जाणकार आधी झाड पाहतात आणि मग अळी. मे महिन्यात ओकचं एखादं गुंडाळलेलं पान हळूच उलगडून पाहा. आत काळपट डोक्याची, अंगावर बारीक काळे ठिपके असलेली हिरवट अळी असते. बोट लावताच ती वळवळत मागे सरकते आणि रेशमी धाग्याला लोंबकळत खाली उतरते. त्याच झाडावर ‘विंटर मॉथ’चीही हिरवी अळी असते. तिला पोटाखाली पायांच्या दोनच जोड्या असतात, त्यामुळे ती पाठीची कमान करत चालते. आपल्या अळीला अशा पाच जोड्या असतात. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर खाणाऱ्या नागअळ्याही ओकवर असतात. त्यांचे पतंग इतके सारखे दिसतात, की पानावरच्या नागमोडी रेषा आणि डागच त्यांची जास्त खात्रीची ओळख ठरतात.

या पतंगाचं सगळं वेळापत्रक ओकच्या पालवीला बांधलेलं आहे. मादी उन्हाळ्यात डहाळ्यांवर अंडी घालते. ती थंडीभर तशीच राहतात आणि वसंतात कळ्या फुटताना उबतात. अळी लवकर बाहेर आली तर उपासमार, उशिरा आली तर पानं निबर झालेली. पॉल फीनी यांनी १९७० साली विंटर मॉथच्या अळ्यांविषयी हेच दाखवून दिलं. ओकचं पान जून होत जातं तसं त्यात टॅनिन वाढतं, म्हणून अळ्या कोवळ्या पालवीवरच वाढतात. पिल्लांना भरवणारे टिट पक्षीही याच अळ्यांच्या हंगामावर अवलंबून असतात. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वूड्समध्ये १९४७ पासून त्यांचा अभ्यास चालू आहे. एखाद्या वर्षी अळ्यांची संख्या फार वाढली तर झाडाची बरीचशी पानं फस्त होतात. पण निरोगी ओक बहुधा त्याच उन्हाळ्यात पुन्हा पालवतो. त्यामुळे अळ्या दिसताच फवारणीचा पंप हाती घेऊ नये.

युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांना असा पतंग दिसला, तर नुसत्या पंखांचा फोटो काढून थांबू नका. तो कोणत्या झाडावर होता, महिना कोणता होता, पान गुंडाळलेलं होतं की पोखरलेलं, हेही टिपून ठेवा. ओळख पटवणाऱ्या तज्ज्ञाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा झाडाबद्दलच असतो.