लग्नाला साक्षीदार का लागतात?

शाळेजवळच्या जुन्या झाडाच्या ढोलीत राखी धनेशाने घरटे केले, की मुलांना वर्गात बसवणे अवघड जाते. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखल यांनी दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर काढण्यापुरती फट तेवढी उरते. या काळात तिची उड्डाणाची पिसे गळतात. त्यामुळे तिला उडून जाता येत नाही. पुढचे कित्येक आठवडे नर फळे आणि किडे आणून तिला भरवतो. आम्ही हे सांगत होतो तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, नर परत आलाच नाही तर?" लगेच मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, "माणसे लग्न करतात ती याचसाठी का?"

या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे. तो उलगडून पाहू या.

पक्ष्यांच्या दर दहा जातींपैकी सुमारे नऊ जातींत नर-मादी जोडीने राहून पिले वाढवतात. सस्तन प्राण्यांत मात्र शंभरांतल्या दहा जातीही अशा सापडत नाहीत. असे का? सस्तन पिलाचे अन्न म्हणजे आईचे दूध. तिथे नराला करण्यासारखे फारसे नसते. पक्ष्यांत अंडी उबवणे, चारा आणणे ही कामे नरालाही जमतात. एकट्याच्या आवाक्याबाहेरचे काम असले की जोडी टिकते.

पण जोडीने राहणे म्हणजे एकनिष्ठा, असे समजू नये. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीएनए चाचणीने पिलांचे पितृत्व तपासता येऊ लागले, तेव्हा जोडीने राहणाऱ्या अनेक पक्ष्यांच्या घरट्यांत दुसऱ्याच नराची पिले आढळली. एकत्र संसार करणे ही एक गोष्ट आणि एकनिष्ठ राहणे ही दुसरी.

मग जोडी बांधणारे एखादे रसायन आहे का? उत्तर अमेरिकेतल्या कुरणांत राहणारा प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी जोडीने राहतो. त्याचा डोंगराळ भागातला भाऊबंद तसा राहत नाही. दोघांच्या मेंदूंची तुलना करून शास्त्रज्ञांनी ऑक्सिटोसिन या संप्रेरकाकडे बोट दाखवले आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'प्रेमाचे रसायन' करून टाकले. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑक्सिटोसिनचा संदेश घेणारे जनुकच निकामी केलेल्या व्होलांनीही जोड्या जमवल्याच. एका रसायनात सारे उत्तर शोधणे बरे नव्हे.

आता माणसाकडे येऊ. जन्मलेल्या बाळाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या एक तृतीयांशाहूनही लहान असतो. वासरू तासा-दोन तासांत उभे राहते. आपल्या बाळाला चालायला वर्ष लागते आणि स्वतःचे पोट भरायला आणखी कितीतरी वर्षे. एकट्या आईला हा भार पेलत नाही. पण मदत नवऱ्याचीच हवी, असेही नाही. टांझानियातल्या हाड्झा लोकांत आजी रानातून कंद खणून आणते आणि नातवंडांच्या पोषणाला मोठा हातभार लावते. चीनमध्ये युन्नान आणि सिच्वान प्रांतांच्या सीमेवर लुगू सरोवराकाठी मोसुओ लोक राहतात. त्यांच्या परंपरेत स्त्री आयुष्यभर आईच्याच घरी राहते, तिचा जोडीदार रात्री येतो आणि सकाळी परततो. मुले वाढवतात ती आई, आजी आणि मामा.

म्हणजे मुले लग्नाशिवायही वाढू शकतात आणि जोडी लग्नाशिवायही जमू शकते. तरीही जगातल्या बहुतेक सर्व समाजांत लग्न आहेच. ते का?

निरनिराळ्या धर्मांतले विधी शेजारी शेजारी मांडून पाहा. कुठे अग्नीभोवती फेरे आहेत, कुठे 'कबूल' म्हणणे आहे, कुठे चर्चमधली वचने. मंत्र वेगळे, कपडे वेगळे, जेवणही वेगळे. पण एक गोष्ट सुटत नाही : पाहणारी माणसे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून पुरोहिताला वगळून लग्ने लावली. जमलेल्या लोकांना मात्र वगळले नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात कोणताही धार्मिक विधी लागत नाही. तीन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात.

त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ढोलीतल्या मादीला नराची हमी कुणीही देत नाही. माणसाच्या संसारातही कुणीतरी माहेर सोडते, कुणी नोकरी सोडते, कुणी मिळकत सामाईक करते. आपण उद्या उघड्यावर पडणार नाही, याचा भरवसा असल्याशिवाय एवढे पणाला लावणे कठीण. दोघांतच दिलेला शब्द फिरवता येतो. चारचौघांत दिलेला शब्द फिरवणे महाग पडते. वारसा, पोटगी, मुलांचे हक्क हे सारे त्या उघड शब्दावर उभे राहते. जोडीला दोघे पुरतात, लग्नाला तिसरा लागतो.

मात्र हा तिसरा माणूस आधार देतो तसा जाचही करू शकतो. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. त्याने १८८४ मध्ये दावा लावला. नकळत्या वयात संमतीवाचून झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली. त्यांच्या लग्नाला साक्षीदार होते. नव्हती ती त्यांची स्वतःची संमती.

म्हणून 'माणसे लग्न का करतात' या प्रश्नाआधी 'लग्न कोण ठरवते' हे विचारायला हवे. २००६ च्या कायद्याने मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असल्याशिवाय लग्न करता येत नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. दिवाळीच्या सुटीनंतर एखादा बाक रिकामा का राहतो, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

वर्गात एक उपक्रम करून पाहावा. प्रत्येक मुलाने घरातल्या तीन पिढ्यांना तीन प्रश्न विचारावेत : लग्नाच्या वेळी तुमचे वय किती होते? तुम्हाला कुणी विचारले होते का? साक्षीला कोण होते? उत्तरांचा तक्ता फळ्यावर मांडला, की लग्नाची रीत निसर्गाने ठरवलेली नसून माणसे ती बदलत आली आहेत, हे मुलांना आपोआप दिसेल. कुणी घरची उत्तरे सांगू इच्छित नसेल, तर आग्रह धरू नये.

आणि एखाद्या विद्यार्थिनीच्या लग्नाची पत्रिका आपल्या हाती आली, तर अक्षता टाकायला जाण्याआधी तिच्या जन्मतारखेची नोंद पाहावी. लग्नाचे साक्षीदार आपणही असतो.