मागे पास, पुढे धाव

पुढे जायचं असेल तर चेंडू मागे द्यायचा. रग्बीचा हा नियम सहा-सात वर्षांच्या पोरांना सांगून बघा, त्यांना तो खोटाच वाटतो. फुटबॉल असो की हॉकी, पुढे मोकळा उभा असलेल्या गड्याला चेंडू मिळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. इथे पुढचा गडी कितीही मोकळा असो, हात वर करून कितीही ओरडो, त्याला चेंडू द्यायचाच नाही. चेंडू पुढे न्यायचा तर छातीशी धरून स्वतः पळायचं. वाट अडली की शेजारच्या किंवा मागच्या सवंगड्याकडे सोपवायचा आणि पुन्हा त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं.

लहान मुलांसाठी रग्बी बेतताना जाणकारांनी त्यातून काय काय काढलं, ते पाहिलं की नवल वाटतं. पाडापाडी गेली. एकमेकांत खांदे अडकवून रेटायचा स्क्रम गेला. चेंडूला लाथ मारणं गेलं. पंधरा-पंधरांचे संघ गेले, शंभर मीटर लांबीचं मैदान गेलं. लोक ज्याला रग्बी समजतात ते जवळजवळ सगळंच गेलं आणि मागे पास द्यायचा नियम तेवढा जागेवर राहिला. माझ्या मते खरी रग्बी तीच. धडक आणि ताकद हे तिच्यावर वयानुसार चढत जाणारे थर आहेत.

मग अंगाला हात न लावता पळणारा गडी थांबवायचा कसा? त्याचं उत्तर कमरेच्या पट्ट्यात आहे. प्रत्येक मूल शर्ट आत खोचतं आणि वरून पट्टा बांधतं. पट्ट्याला दोन्ही कुल्ह्यांवर एकेक रंगीत फीत लोंबत असते, वेल्क्रोने चिकटवलेली. हिला टॅग म्हणतात आणि खेळाला टॅग रग्बी. चेंडूवाल्याची एक फीत ओढून काढली की तो थांबवला गेला. चर्र असा आवाज होतो, फीत हातात येते. ओढणारा जागीच थांबतो, फीत डोक्यावर धरतो आणि ओरडतो, "टॅग!" आता चेंडूवाल्याला साधारण तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात वेग आवरून चेंडू मागे द्यायचा.

यानंतरचा भाग मला सगळ्यांत आवडतो. ओढलेली फीत फेकून द्यायची नाही, ज्याची त्याच्या हातात परत द्यायची. ती देईपर्यंत ओढणाऱ्याने खेळात भाग घ्यायचा नाही आणि ती पुन्हा चिकटवेपर्यंत फीत गमावणाऱ्यानेही नाही. इंग्लंडमध्ये सात वर्षांखालच्या मुलांचे संघ चार-चार जणांचे असतात. म्हणजे प्रत्येक टॅगनंतर काही क्षण खेळ तीन विरुद्ध तीन होतो, मैदान अचानक मोकळं वाटायला लागतं, मघापर्यंत नसलेली वाट उघडते. फीत देणारा चटकन सुटतो. घेणाऱ्याची इवली बोटं मात्र घाईत वेल्क्रोशी झटत राहतात, कधी फीत उलटी लागते, कधी लागतच नाही. त्या दोन सेकंदांचा फायदा बचाव करणाऱ्यांना मिळतो. एक टप्पा वर, आठ वर्षांखालच्या गटात सहा-सहा जण असतात आणि तिथे एका संघाला सहा टॅगपर्यंतच चेंडू राखता येतो. सातव्यांदा फीत निघाली की चेंडू समोरच्यांचा. आता नुसतं टिकून राहून भागत नाही, पुढे सरकावंच लागतं.

फीत दंडावर किंवा पाठीवर न लावता कुल्ह्यावरच का? हूल देणारा मान एकीकडे वळवतो, डोळे दुसरीकडे फिरवतो, खांदा तिसरीकडे झुकवतो. या सगळ्यांनी खोटं बोलता येतं. कंबर मात्र शरीर खरोखर जिकडे निघालं असेल तिकडेच जाते, कारण शरीराचा भार तिथेच तोललेला असतो. फितीवर नजर ठेवणारं मूल नकळत समोरच्याचा खरा बेत वाचायला शिकतं. इंग्लंडमध्ये नऊ वर्षांखालच्या गटात मुलांना पहिल्यांदा धरायला परवानगी मिळते. तोवर योग्य जागी बघायची सवय डोळ्यांना लागलेली असते.

स्पर्श नाही, हा नियम दोन्ही बाजूंना बांधतो, ही त्यातली सूक्ष्म गोष्ट. बचाव करणाऱ्याने शर्ट ओढायचा नाही, वाट अडवून आडवं उभं राहायचं नाही, हे कुणालाही सुचेल. पण चेंडूवाल्यावरही तेवढीच जबाबदारी आहे. समोर कुणी उभं असेल तर त्याच्या अंगावर धावून जायचं नाही, त्याला चुकवून जायचं. हाताने ढकलायचं नाही, स्वतःची फीत हाताने किंवा चेंडूने झाकायची नाही. त्यामुळे वर्गातला सगळ्यांत आडदांड मुलगाही नुसत्या वजनावर काही मिळवू शकत नाही. आपल्याकडे खेळाच्या तासाला संघ निवडताना बारकी मुलं आणि मुली शेवटपर्यंत उभ्या राहतात, हे मला नेहमी खुपतं. इथे मुलं-मुली एकाच संघात खेळतात, आणि कुल्ह्याची फीत बुटक्या मुलाच्या हाताला उंच मुलापेक्षा जवळ असते.

सुरुवात मैदानाच्या मधून, साध्या पासने होते. त्या वेळी समोरचा संघ काही मीटर मागे असतो. चेंडू पुढे फेकला गेला की तो समोरच्यांना मिळतो. चेंडू जमिनीवर पडला तर त्याच्यावर झेप घ्यायची नाही, उभ्यानेच वाकून उचलायचा. समोरच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवला की ट्राय झाला. तिथेही सूर मारायचा नाही. चेंडू लांबट असतो, पण मुलांसाठी छोटा, तीन नंबरचा. मोठ्यांचा पाच नंबरचा.

हा फितीचा खेळ आला कुठून, ती हकीकतही गमतीची आहे. इंग्लंडमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला निक लेनर्ड यांनी तो शाळांसाठी रचला. नौदलातल्या एका माजी अधिकाऱ्याकडून त्यांनी ऐकलं होतं, की विमानवाहू जहाजांच्या डेकवर खलाशी असं काहीतरी खेळतात. पोलादी डेकवर कुणाला पाडलं तर हाडंच मोडायची, म्हणून पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायची. जिब्राल्टरमध्येही हिरवळीची मैदानं नव्हती, तिथेही चड्डीच्या कमरेला सुती पट्ट्या लटकवून रग्बी खेळली जायची. जमीन कठीण होती म्हणून खेळ मऊ झाला.

नागपूरकराला ही गोष्ट पटकन पटेल. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरूम टाकलेल्या मैदानावर पडलं की गुडघा सोलवटलाच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि उन्हाळी शिबिरं सकाळी सहाला सुरू करून ऊन चढायच्या आत आटोपावी लागतात. लुसलुशीत हिरवळीवर वाढलेला खेळ इथे तसाच्या तसा आणून चालायचं नाही. डेकवर घडलेला मात्र चालेल.

जहाजावरून आठवलं. मागे दिलेला पास खरंच मागे जातो का? ठोकळ आकडे घेऊ. एक मुलगी सेकंदाला 4 मीटर वेगाने पळते आहे. पळता पळता ती चेंडू मागच्या बाजूला सेकंदाला 1 मीटर वेगाने सोडते. पण चेंडू सुटण्याआधी तिच्याबरोबरच पळत होता, त्यामुळे जमिनीच्या हिशेबाने तो अजूनही सेकंदाला 3 मीटरने पुढेच चालला आहे. अर्ध्या सेकंदाने सवंगड्याच्या हातात पडेपर्यंत तो दीड मीटर पुढे गेलेला असतो. तेवढ्या वेळात ती स्वतः 2 मीटर पुढे गेलेली असते. तिला चेंडू अर्धा मीटर मागे गेलेला दिसतो आणि रेषेबाहेर उभ्या असलेल्या तिच्या बाबांना दीड मीटर पुढे! दोघंही खरंच सांगत आहेत. गॅलिलिओने 1632 सालच्या ग्रंथात हाच मुद्दा जहाजाचं उदाहरण देऊन मांडला होता: संथ चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत मित्राकडे एखादी वस्तू फेकताना जहाजाच्या दिशेने फेका की उलट, जोर सारखाच लागतो. म्हणूनच रग्बीच्या नियमात पास पुढे गेला की नाही हे ठरवताना चेंडू टाकणाऱ्याचे हात कुठल्या दिशेला गेले, ते पाहतात. सात वर्षांची मुलं सापेक्ष गतीचा हा धडा पायांनी गिरवत असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

पहिल्या काही दिवसांत सगळी मुलं चेंडूभोवती गुळाला लागलेल्या मुंगळ्यांसारखी जमतात. बिनचेंडूचं प्रत्येक मूल पुढे धाव घेतं, आणि पुढे गेलं की निरुपयोगी होतं. मग एखाद्याच्या लक्षात येतं, की आपण दोन पावलं मागे आणि थोडं बाजूला थांबलो तर चेंडू आपल्याला मिळतो. ते थांबतं. त्याला चेंडू मिळतो, समोर कुणीच नसतं, ते सुटतं. दुसऱ्या दिवशी तिघं-चौघं तसं थांबायला लागतात आणि मैदानभर एक तिरकी रेघ आपोआप तयार होते. प्रशिक्षकाने खडूने आखून दाखवली असती तरी इतक्या लवकर उमगली नसती. बाहेरून "पळ, पुढे पळ" म्हणून ओरडणाऱ्या आई-बाबांना मात्र हे समजायला वेळ लागतो.

विदर्भाला हुलकावणी कुणी शिकवायची गरज नाही. आट्यापाट्या हा सगळा खेळच तिचा आहे. पाटीवर उभा असलेला गडी, त्याला झुकांडी देऊन पलीकडे जाणारा गडी, आणि हातात साधन म्हणून काहीच नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथलं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं. त्या मुलखातल्या पोट्ट्यांच्या पायांत चकवा आहेच. टॅग रग्बी त्यात दोन गोष्टी घालते: हातातला चेंडू आणि मागे थांबलेला सवंगडी.

महाराष्ट्रात रग्बी नवीनही नाही. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर ती पिढ्यान् पिढ्या खेळली जाते. तिथे खेळलेले आणि भारताच्या संघातही असलेले मॅथ्यू स्पेसी यांनी जिमखान्याजवळच्या फॅशन स्ट्रीटवरच्या मुलांना रग्बी शिकवायला सुरुवात केली आणि 1999 साली त्यातून 'मॅजिक बस' ही संस्था उभी राहिली. क्लबाच्या कुंपणाआतला खेळ रस्त्यावरच्या मुलांनी हातात घेतला. नागपूरचं उदाहरण फुटबॉलचं आहे, पण जात तीच: हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवणारे विजय बारसे यांनी 2001 साली पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी मुलं पाहिली आणि त्यातून पुढे 'स्लम सॉकर' वाढलं.

रग्बीला बादलीइतकंही लागत नाही म्हटलं तरी चालेल. सात वर्षांखालच्यांचं मैदान 20 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद. खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटरचं असतं, म्हणजे ज्या शाळेत खो-खो आखलेला आहे तिथे टॅग रग्बी आत मावते आणि कडेने आई-बाबांना उभं राहायला जागाही उरते. मोठ्यांच्या 100 बाय 70 मीटरच्या मैदानात अशी जवळजवळ तीस मैदानं बसतील. वेल्क्रोचा पट्टा नसला तरी अडत नाही. जुन्या ओढणीच्या दोन रंगांच्या पट्ट्या फाडायच्या, हाताएवढ्या लांब, आणि चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये दोन्ही बाजूंना टोक खोचायचं. गाठ मारायची नाही, ओढल्याबरोबर निघाली पाहिजे. मैदानाचे कोपरे दाखवायला चार चपला पुरतात. चेंडू मात्र लांबटच हवा, त्याशिवाय मजा नाही: गोल चेंडू कुठे उसळेल ते मुलांना आधीच ठाऊक असतं, लांबट चेंडू टोकावर पडला की उंच उडतो, पोटावर पडला की घसरत जातो, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना सारखाच चकवतो.

शिकवणाऱ्याने पहिल्या सकाळी दोनच नियम सांगावेत. चेंडू पुढे टाकायचा नाही आणि ओढलेली फीत हातात परत द्यायची. बाकीचे नियम मुलं स्वतःच विचारतात, ज्याची अडचण आली त्याचा, आणि विचारल्यावर सांगितलेला नियम त्यांना पुन्हा सांगावा लागत नाही.