मुलाचं ‘नको’ ऐकणारी थेरपी

मूल स्वमग्न असल्याचं निदान झालं की थोड्याच दिवसांत आईवडिलांच्या कानावर तीन अक्षरं येतात : एबीए. अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण. कोणी सांगतं, हीच एक खात्रीची थेरपी. कोणी सांगतं, मुलाला तिकडे फिरकूही देऊ नका. दोघांकडेही सांगण्यासारखं बरंच असतं. मुंबई-पुण्यात अशी सेंटर आता सहज सापडतात, त्यामुळे फी भरण्यापूर्वी पालकांनी ही पद्धत आणि तिचा इतिहास जाणून घेतलेला बरा.

पद्धत काय आहे

वर्तनाच्या आधी काय घडलं आणि वर्तनानंतर काय मिळालं, या दोन गोष्टी बारकाईने पाहायच्या आणि त्या बदलून वर्तन बदलायचं, हा या शास्त्राचा पाया. तो मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी घातला. 1968 साली बेअर, वुल्फ आणि रिस्ले या तिघांनी या उपयोजित शाखेची चौकट लेखात मांडली. जे वर्तन बदलायचं ते त्या माणसाच्या आणि समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचं असावं, ही अट त्यांनी तेव्हाच घातली होती. नंतर तिचा अनेकदा विसर पडला.

इतिहास लपवू नये

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या केंद्रात इव्हार लोवास यांनी 1960च्या दशकात स्वमग्न मुलांना शिकवायला सुरुवात केली. ज्या मुलांना संस्थांमध्ये टाकून दिलं जायचं, ती शिकू शकतात हे त्यांनी दाखवलं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्याच कामात चापट होती, ओरडणं होतं, विजेचे झटकेही होते. 1987 साली त्यांचा गाजलेला अभ्यास आला : आठवड्याला सुमारे 40 तास शिकवलेल्या 19 मुलांपैकी 9 मुलं नेहमीच्या शाळेत पहिली उत्तीर्ण झाली आणि त्यांचा बुद्ध्यांकही सर्वसाधारण आला. हा आकडा आजही पालकांना ऐकवला जातो. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि त्या कार्यक्रमात मांडीवर चापट मारणं होतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट 1974 सालची. रेकर्स आणि लोवास यांनी जेमतेम पाच वर्षांच्या एका मुलाचं ‘मुलीसारखं’ वागणं याच तंत्राने बदललं आणि ते यश म्हणून छापलं. तंत्र चाललं, पण हे बदलण्याची गरज कोणाला होती?

विजेचे झटके तर अजूनही वादात आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये स्वतःला किंवा इतरांना इजा करणाऱ्या व्यक्तींवर ते वापरले जात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 साली त्या उपकरणावर बंदी घातली, 2021 मध्ये न्यायालयाने ती रद्द केली आणि 2022च्या अखेरीस संसदेने कायदा बदलून प्रशासनाचा अधिकार स्पष्ट केला. वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा झटक्यांना ठाम विरोध जाहीर केला तोही 2022 साली. इतका उशीर का लागला, याचं उत्तर या क्षेत्राने अजून नीट दिलेलं नाही.

बदल कोणासाठी

चौकट मांडणाऱ्या त्या तिघांपैकी मॉन्ट्रोज वुल्फ यांनी 1978 साली सांगितलं की उद्दिष्ट, पद्धत आणि परिणाम या तिन्हींबद्दल संबंधित माणसांना विचारलं पाहिजे. पालकांना आणि शिक्षकांना विचारणं सुरू झालं. मुलाला विचारणं बहुतेकदा राहूनच गेलं. मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्ती आज हेच बोलून दाखवतात : आमचे हात धरून ठेवले, डोळ्यांत बघायला लावलं, आणि आम्ही आतून घाबरलेलो असताना बाहेरून शहाण्यासारखं बसायला शिकलो.

आनंद झाला की हात फडफडवणाऱ्या मुलामुळे कोणालाच इजा होत नाही. ते थांबवायचं असतं ते लग्नकार्यात चार लोक बघतात म्हणून. ते मूल रस्त्यावर धावत सुटतं, स्वतःचा हात चावतं किंवा पोट दुखतंय हे सांगू शकत नाही, ही शिकवण्याची खरी कारणं. माझ्या मते चांगल्या थेरपिस्टची पहिली ओळख ही की काही उद्दिष्टांना तो पालकांसमोर नाही म्हणतो.

हट्टामागचं मागणं

या शास्त्राने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट इथे आहे. वही समोर आली की एक मुलगा डोकं आपटतो असं समजू. घाबरून वही उचलली जाते. डोकं आपटल्याने वही जाते, हे तो शिकला. दुसरा मुलगाही डोकंच आपटतो, पण आई फोनवर असताना. वरून सारखं दिसणारं वर्तन, कारणं वेगळी. म्हणून आधी कारण शोधायचं. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठ हे तर सर्वांत आधी तपासायचं.

कार आणि ड्युरांड या संशोधकांनी 1985 साली दाखवलं की त्याच कारणासाठी मुलाला मागण्याची सोपी वाट दिली तर त्रासदायक वर्तन कमी होतं. पहिल्या मुलाच्या हातात ‘थांबूया’ असं चित्रकार्ड द्यायचं. त्याने ते दिलं की वही खरोखर बाजूला ठेवायची, पहिल्यांदाच, लगेच. ‘आधी दोन गणितं कर, मग’ असं म्हटलं की कार्ड निकामी झालं आणि डोकं पुन्हा भिंतीवर आपटलं. विश्वास बसल्यावरच थोडं थांबायला शिकवता येतं. वर्तन विश्लेषक ग्रेग हॅनली यांच्या कामाने हाच सूर पुढे नेला : मूल आनंदी, निवांत आणि रमलेलं असेल तिथून शिकवायला सुरुवात करायची.

पालकांची संमती, मुलाची राजीखुशी

वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाची नवी आचारसंहिता 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. करुणेने, सन्मानाने आणि आदराने वागणं हे तिच्या चार मूलतत्त्वांपैकी एक. पालकांची सही पुरेशी नाही, शक्य तिथे मुलाचीही राजीखुशी घ्यावी, असं ती सांगते. न बोलणारं मूलही सांगत असतं. खुर्ची मागे सरकवतं, तोंड फिरवतं, अंग सैल सोडतं. ते दिसलं की थांबायचं आणि काय चुकलं ते आपल्या योजनेत शोधायचं. भरधाव गाडीसमोरून मुलाला ओढताना अर्थातच परवानगी विचारत बसायचं नसतं.

सेंटर निवडताना

जानेवारी 2023 पासून अमेरिकेतल्या त्या प्रमाणन मंडळाने भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलं आहे. त्यामुळे प्रमाणपत्राकडे बघून निश्चिंत होता येत नाही, स्वतःच विचारावं लागतं. मी सेशनमध्ये बसू शकते का? तो रडला तर तुम्ही काय करता? ‘रडू द्या, होईल सवय’ असं उत्तर आलं तर दुसरं सेंटर शोधावं. खाऊचं आमिष चालावं म्हणून मुलाला उपाशी आणायला सांगितलं तर तिथून लगेच निघावं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि क्रूर, अमानवी वागणुकीपासून संरक्षणही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना केले आहेत.

कार्डांवरची भाषाही बघावी. घरात सगळे मराठी बोलत असताना मूल ‘वॉटर’ मागायला शिकलं, तर आजीकडे पाणी कसं मागणार? आणि घरच्यांना झेपेल तेवढंच काम थेरपिस्टने द्यावं. नोकरी, स्वयंपाक आणि दुसरं लेकरू सांभाळणाऱ्या आईला रोजचे तक्ते भरता आले नाहीत म्हणून तिला दोष देणारी योजनाच चुकीची आखलेली असते.

शेवटी, थेरपी कधी थांबवायची हे सुरुवातीलाच विचारावं. सेवा केव्हा आणि कशी बंद करायची याचाही विचार मंडळाच्या आचारसंहितेत आहे. कोणती कौशल्यं आली की तास कमी होतील, हे थेरपिस्टकडून पहिल्याच महिन्यात लिहून घ्यावं आणि दर तीन महिन्यांनी तो कागद समोर ठेवून बोलावं.