अपुऱ्या दिवसांचें मूल आणि रक्ताची साक्ष



गेल्या वर्षीं कार्तिकांत आमच्या साजगांवीं विठोबाची यात्रा भरली असतां शेजारच्या घरीं सातव्या महिन्यांतच कन्या जन्मास आली. वजन अवघें बाराशें ग्रॅम. तिला शहरांतील रुग्णालयांत कांचेच्या पेटींत ठेविलें. दहाव्या दिवशीं तिचें पोट फुगलें, आणि डॉक्टरांनीं आजोबांस सांगितलें कीं, रक्तांतील एक आंकडा वाढला आहे. आजोबा घरीं आले ते नात हातची गेली असें समजूनच. "मास्तर, थेंबभर रक्तावरून जगणें-मरणें कळतें काय?" असें त्यांनीं मला विचारलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, वैद्य नव्हे; तथापि त्या प्रश्नानें मला वाचावयास लाविलें. जें उमगलें तें आज आपणांपुढें मांडीत आहें.

सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलेल्या मुलास अपुऱ्या दिवसांचें मूल म्हणतात. त्याचें आंतडें कोंवळें असतें व जंतूंशीं झगडण्याची शक्ति तोकडी असते. अशा कांहीं मुलांच्या आंतड्याच्या भिंतीस दाह होऊन तिचे भाग मरूं लागतात. या रोगास नेक्रोटायझिंग एंटरोकोलायटिस असें नांव आहे. दीड किलोहून कमी वजनाच्या मुलांस त्याचें भय विशेष. १९७८ सालीं मार्टिन बेल या अमेरिकन शल्यवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं रोगाच्या तीन पायऱ्या ठरविल्या: संशय, निश्चित रोग व अतितीव्र रोग. पहिल्या पायरीवर दूध थांबवून व जंतुनाशक औषधें देऊन बहुधा भागतें. तिसऱ्या पायरीवर आंतड्यास भोंक पडून शस्त्रक्रियेची पाळी येऊं शकते. पंचाईत ही कीं, कित्येकदां पहिलीवरून तिसरीवर जाण्यास कांहीं तासच पुरतात. कोणतें मूल घसरणार हें आधीं कसें ओळखावें? येथें रक्ताची साक्ष काढावी लागते.

हे साक्षीदार तीन प्रकारचे आहेत. पहिला धोक्याची घंटा वाजविणारा. १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टिलेट व फ्रान्सिस यांना न्युमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत एक पदार्थ आढळला. त्यास पुढें सी-रिॲक्टिव्ह प्रथिन म्हणूं लागले. कोठेंहि दाह झाला कीं यकृत तें निर्माण करतें. परंतु तें चढण्यास कांहीं तास लागतात. म्हणून आरंभीं आंकडा लहान आला तरी निर्धास्त होतां येत नाहीं.

दुसरा साक्षीदार झालेली हानि सांगणारा. रक्त गोठविण्यास साह्य करणाऱ्या प्लेटलेट एका घन मिलिमीटरांत सामान्यतः दीड लाखांहून अधिक असतात. रोग तीव्र झाला कीं त्या झपाट्यानें घटतात, आणि रक्तपुरवठा तुटलेल्या भागामुळें रक्तांतील आम्लता वाढते.

तिसरा साक्षीदार प्रत्यक्ष घटनास्थळाचा. आंतड्याच्या अस्तराच्या पेशींत स्निग्धाम्लें वाहून नेणारें एक प्रथिन असतें. पेशी फुटल्या कीं तें रक्तांत उतरतें. भिंत ढांसळली कीं तिची वीट रस्त्यावर दिसावी तसें. संशोधकांची त्यावर मोठी आशा आहे. परंतु सौम्य व तीव्र रोग यांमधील सीमारेषा कोणत्या आंकड्यावर आंखावी, याविषयीं अजून एकमत नाहीं.

मग एकाच साक्षीवर निकाल कां देऊं नये? कारण पहिले दोन साक्षीदार रक्तांत जंतु शिरल्यासहि हीच साक्ष देतात. एका चाचणीच्या गुणांवरून मीं कधीं विद्यार्थ्यास नापास केलें नाहीं. मागची चाचणी व पुढची चाचणी जोडून पाहिली. डॉक्टरहि तेंच करतात: आंकडा चढतो कीं उतरतो हें पाहतात, आणि त्यास पोटाची तपासणी व क्ष-किरणांचें चित्र यांची जोड देतात. मात्र चाचण्या वाटेल तितक्या घेतां येत नाहींत. अशा मुलाच्या देहांत किलोमागें सुमारें ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतें. आमच्या शेजारच्या मुलीच्या सर्व देहांत मिळून चहाचा एक लहान पेला भरेल इतकेंच रक्त! त्यांतला प्रत्येक थेंब जपूनच घ्यावा लागतो.

रोग ओळखण्याहून तो टाळणें केव्हांहि बरें. १९९० सालीं इंग्लंडांत ल्यूकस व कोल यांनीं ९२६ अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ डब्याच्या दुधावर असलेल्या मुलांत हा रोग, केवळ आईच्या दुधावरील मुलांच्या मानानें, सहा ते दहा पट अधिक आढळला. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९८९ मध्यें, मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं मातृदुग्धपेढी उघडली होती. आशियांतील ती पहिली होय. एका मातेचें उरलेलें दूध निर्जंतुक करून दुसरीच्या अशक्त बाळास देण्याची ही सोय.

आजोबांस मीं इतकेंच सांगितलें, "उद्यां डॉक्टरांस 'आंकडा किती?' असें विचारूं नका. 'काल किती होता, आज किती आहे, आणि पोट कसें आहे?' असें विचारा." तिसऱ्या दिवशीं आंकडा उतरला, पोट मऊ पडलें, आणि कांहीं दिवसांनीं आईचें दूध थेंबाथेंबानें पुन्हा सुरू झालें. ती मुलगी आतां आमचा उंबरा ओलांडूं पाहते, व आजोबा तिच्यामागें धांवतात.