मेलेल्या माणसांची पत्रं

संकेश्वरहून बांद्याकडे जाणारा रस्ता गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीला पोचतो आणि तिथून घाट उतरून कोकणात शिरतो. पावसाळ्यात हा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबतो. पोलीस दप्तरात मात्र आंबोलीची ख्याती वेगळी आहे. खोल दरी, दाट धुकं, सुनसान कडे. मृतदेहाची विल्हेवाट लावणाऱ्याला आणखी काय हवं? नोव्हेंबर २०१७ या एकाच महिन्यात इथे दोन प्रकरणं उघडकीला आली. सांगलीत पोलीस कोठडीतला अनिकेत कोथळे पळून गेल्याचं सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात कोठडीतल्या मारहाणीत त्याचा जीव गेला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला गेला, असं तपासात पुढे आलं. त्याच सुमारास गडहिंग्लज तालुक्यातून बेपत्ता झालेल्या एका व्यक्तीचा मृतदेह कावळेसादच्या दरीत मिळाला.

‘पळून गेला’ हे दोन शब्द नीट लक्षात ठेवावेत. महाराष्ट्रातली गाजलेली बेपत्ता-प्रकरणं एकापुढे एक मांडली, तर मारेकऱ्यांची खरी मेहनत मृतदेह लपवण्यापेक्षा माणूस कुठेतरी जिवंत आहे हे पटवण्यात खर्ची पडलेली दिसते.

याचा वस्तुपाठ पुण्यात १९५६ साली घडला. शुक्रवार पेठेतल्या श्रीमंत विधवा लक्ष्मीबाई कर्वे यांना मधुमेह होता. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांच्याच वाड्यात राहत. १२ नोव्हेंबरच्या रात्रीच्या गाडीने दोघं मुंबईला निघाली. पहाटे व्हीटीला गाडी लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना जी. टी. रुग्णालयात नेलं आणि रजिस्टरमध्ये भलतंच नाव लिहवलं. दुपारच्या आत बाई गेल्या. भलत्या नावाच्या त्या बेवारस प्रेताला नातेवाईक कुठून येणार? ते वैद्यकीय महाविद्यालयाकडे विच्छेदनासाठी रवाना झालं. तिथे एका शिपायाला मानेवर संशयास्पद खूण दिसली, म्हणून शवविच्छेदन तरी झालं. विष सापडलं नाही. मृत्यूचं कारण मधुमेहाची मूर्च्छा असं नोंदलं गेलं आणि कागद मिटले.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंची पत्रं येत राहिली. आपण तीर्थयात्रेला निघालो आहोत, पुढे आपण पुनर्विवाह केला आहे, शोध घेऊ नये, असा त्यांचा सूर. दरम्यान त्यांचे शेअर, बँकेतले पैसे लागूंच्या हाती जात होते. नातलगांनी या पत्रांवर विश्वास ठेवला नाही, म्हणून १९५८ मध्ये लागूंना अटक झाली. शरीरात विष सापडलेलं नसतानाही परिस्थितिजन्य पुराव्यावर फाशी द्यावी का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९५९ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने शिक्षा कायम झाली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं ते निकालपत्र विषप्रयोगाच्या खटल्यांत आजही उद्धृत होतं. मृत्यूनंतरचं आरोपीचं वागणं, खोटं नाव आणि खोटी पत्रं यांनीच त्याला गळफासापर्यंत नेलं.

वीस वर्षांनी त्याच पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड घडलं. त्याची सुरुवात एका बेपत्ता मुलापासून झाली होती, हे पुष्कळांच्या विस्मरणात गेलं आहे. जानेवारी १९७६ मध्ये प्रकाश हेगडे या तरुणाला त्याच्याच ओळखीच्या, कला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनी पळवलं. मारण्यापूर्वी त्याच्याकडून ‘मी घर सोडून जातो आहे’ अशा आशयाची चिठ्ठी लिहून घेतली आणि प्रेत पिंपात घालून तळ्यात बुडवलं. पुढे जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांतले खून होऊन मार्च १९७७ मध्ये अनिल गोखले या तरुणाचा मृतदेह बंडगार्डनच्या पाण्यात वर आला, तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला. या मुलांपैकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

चाळीस वर्षांनी चिठ्ठीची जागा मोबाइलने घेतली. हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याच्या अश्विनी बिद्रे सहायक पोलीस निरीक्षक होत्या. ११ एप्रिल २०१६ रोजी त्या नाहीशा झाल्या. त्यानंतरही त्यांच्या फोनवरून संदेश जात होते. वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर हा आजऱ्याचा. त्याने भाईंदरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा खून केला आणि देहाचे तुकडे करून वसईच्या खाडीत टाकले. घरच्यांनी तक्रारी करूनही अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला २०१७ उजाडलं. त्याच वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी कुरुंदकरला राष्ट्रपती पदक जाहीर झालं होतं! डिसेंबर २०१७ मध्ये त्याला अटक झाली. खाडीत बराच शोध घेऊनही अवशेष हाती लागले नाहीत. तरीही मोबाइलची ठिकाणं आणि परिस्थितिजन्य पुरावा जुळवून पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्याला जन्मठेप सुनावली, पदकाच्या शिफारशीवरही बोट ठेवलं. मृतदेह नाही म्हणजे खून नाही, ही समजूत कायद्यात कधीच नव्हती.

या यादीतलं सर्वांत अस्वस्थ करणारं प्रकरण कोल्हापूरचं आहे, कारण तिथे खोटी पत्रं लिहायची गरजच पडली नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका व सीमा यांनी १९९० ते १९९६ दरम्यान लहान मुलं पळवली. पाकीटमारीत पकडलं जाऊ नये म्हणून ती मुलं वापरली आणि अडचण झाली की मारली. कोल्हापुरात एका भिकारणीचं मूल असंच गेलं. गरिबाघरच्या या मुलांचं काय झालं, हे सहा वर्षं कुणी एकत्र जोडून पाहिलंच नाही. शेवटी नाशिकच्या एका आईने तक्रार लावून धरली, म्हणून १९९६ च्या अखेरीस तिघी सापडल्या. अंजनाबाई खटल्याआधीच मेली. मुलींची फाशी दयेच्या अर्जावरील विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली.

बहुतेक प्रकरणांतला समान धागा असा की, ‘गेली असेल कुठेतरी’ हे उत्तर नाकारणारं कुणीतरी होतं, तिथेच तपास हलला. कुणाकडे ऐपत होती, कुणाकडे नुसता हट्ट. व्यवस्थेने आपणहून दार ठोठावल्याची उदाहरणं कमीच.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. घरातलं माणूस बेपत्ता झालं तर चोवीस तास थांबण्याची अट कायद्यात कुठेही नाही. त्याच दिवशी ठाण्यात जाऊन मिसिंगची नोंद करा आणि तिची प्रत मागून घ्या. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर अपहरणाचा गुन्हाच नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. तो ठाणे अंमलदाराला दाखवा. नाहीशा झालेल्या माणसाच्या फोनवरून संदेश आला, तर आवाज ऐकण्याचा आग्रह धरा. आणि शेजारच्या गरिबाचं मूल दोन दिवस दिसलं नाही, तर विचारायला जा.