वाकलेल्या पाठीचा उन्माद

निकोलस केजचं नाव निघालं की ‘भडक’ हा शेरा ठरलेला. संयत अभिनय थोर मानण्याची आपली सवय जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण वेर्नर हेर्झोगचा २००९ सालचा ‘बॅड लेफ्टनंट : पोर्ट ऑफ कॉल न्यू ऑर्लिन्स’ पाहिल्यावर मला हा शेरा अगदीच तोकडा वाटतो.

ऑगस्ट २००५. कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडालंय, तुरुंगात पाणी चढतंय. कोठडीत अडकलेल्या कैद्याला वाचवायला टेरेन्स मॅकडोनाह हा पोलीस पाण्यात उडी घेतो. त्याला बढती मिळते, पाठ मात्र कायमची जायबंदी होते. वेदनाशामक गोळ्यांवरून तो कोकेनवर येतो, जप्तीच्या मालावर हात मारू लागतो. एका सेनेगाली कुटुंबाच्या हत्याकांडाचा तपास याच माणसाकडे असतो.

पुढचा सगळा धुमाकूळ केजनं या पाठीवर उभा केलाय. एक खांदा वर, मान पुढे, पँटच्या पुढे खोचलेलं भलंमोठं रिव्हॉल्व्हर. वृद्धाश्रमातला प्रसंग बघा. दाराआड इलेक्ट्रिक रेझरनं दाढी करत तो दबा धरून बसतो, मग माहिती काढण्यासाठी एका म्हातारीची ऑक्सिजनची नळीच खेचतो. प्रसंग किळसवाणा आहे, तरी हसू येतं आणि त्या हसण्याची लाजही वाटते. एवढ्या आरडाओरड्यातही त्याचं वाकलेपण सुटत नाही. शरीराची ही शिस्त आहे म्हणून तो उन्माद खरा वाटतो.

हेर्झोगही त्याला पुरेपूर जागा देतो. टेबलावरचे इग्वाना एकट्या मॅकडोनाहला दिसतात. तो भाग हेर्झोगनं स्वतः कॅमेरा हातात घेऊन टिपला, सरड्यांच्या तोंडाला जवळजवळ भिडून, आणि घाई न करता. एबेल फेराराच्या १९९२ च्या ‘बॅड लेफ्टनंट’मध्ये हार्वे कायटेल पापाच्या ओझ्याखाली हंबरडा फोडतो. हेर्झोगच्या चित्रपटात पापाचं ओझं नाही, दुष्टपणाची मौज आहे. मला ही मौज अधिक अस्वस्थ करते.

केज आणि हेर्झोग यांचं घराणं तसं एकच. ‘व्हँपायर्स किस’मध्ये (१९८८) केजनं जिवंत झुरळ खाल्लं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या भूमिकेतले ताठरलेले हातवारे आणि वटारलेले डोळे त्यानं जर्मन मूकपटांतून, ‘नोस्फेराटू’मधल्या माक्स श्रेककडून उचलले होते. त्याच ‘नोस्फेराटू’ची हेर्झोगनं १९७९ मध्ये क्लाउस किन्स्कीला घेऊन नवी आवृत्ती केली होती.

नंतरच्या वर्षांत केजनं कर्ज फेडण्यासाठी ढीगभर चित्रपट केले. त्यांतल्या अनेकांत आवाज चढलेला आहे, पण त्याला पेलणारा दिग्दर्शक नाही. पॅनोस कॉस्मॅटॉसच्या ‘मँडी’त (२०१८) तो पुन्हा सापडतो. तिथल्या न्हाणीघरात, अंतर्वस्त्रांवर, सहचारिणी गमावलेला केज बाटली तोंडाला लावतो, जखमांवर दारू ओततो, ओरडतो आणि ओरडता ओरडता रडू लागतो. कॉस्मॅटॉस तो प्रसंग तोडत नाही.